वाळवंटातला बांध आणि आमची बोडी

बाराशे-तेराशे मिलीमीटर पावसाच्या गावातला माणूस पाण्याचा धडा घ्यायला कुठे गेला, असे कोणी विचारले तर मी सांगतो, जैसलमेरला गेला. आणि तो एकटा गेला नाही. ज्या भावाशी त्याचा दीड वर्ष अबोला होता, त्याच्याच गाडीत बसून गेला. ही हकीकत माझ्या घरची आहे, पण तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अशीच एखादी असेल, म्हणून लिहीत आहे.

भांडण कशावरून झाले?

आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातले. पश्चिमेला वैनगंगा, तालुक्यातून वाहत तिला मिळणारी चुलबंद, आणि गावोगावी तलाव. आमच्याकडे धान हेच पीक आणि धान हेच घर. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव हे या भागाचे वैभव. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणता म्हणता लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणू लागले. मामा म्हणजे जिव्हाळ्याचे नाते खरे, पण आपला हक्काचा मालक गेल्यावर या मामांकडे पाहणारा भाचा कोणी उरला नाही. गाळ साचत गेला.

तलावाचे लहान भावंड म्हणजे बोडी. बाहेरच्या जिल्ह्यांतल्या वाचकांसाठी सांगतो. शेताच्या वरच्या अंगाला मातीची पाळ घालून अडवलेले खाजगी तळे, त्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. धान निसवण्याच्या वेळेला पावसाने दगा दिला की बोडीची पाळ फोडायची आणि खालच्या बांध्यांना एक पाणी द्यायचे. एवढ्या एका पाण्याने साल वाचते.

आमच्या आजोबांनी खणलेली बोडी अर्ध्या एकराची. बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा ती नेमकी दोघांच्या धुऱ्यावर आली. गाळाने भरून गुडघाभर पाणी राहायचे, काठाने बेशरम माजलेली. धाकटा म्हणाला, “भाऊ, बोडी बुजवून टाकू. दोन बांध्या निघतीन. आता बोअर आहे, मोटार आहे, बोडीचं काय काम?” मी म्हटले, माझ्या जिवंतपणी नाही. शब्दाला शब्द लागला. मोजणी आणायची भाषा झाली. घरच्या बायकांनी एकमेकींकडे हळद-कुंकवाला जाणे सोडले. दोन रोवण्या अशा गेल्या की, एकाच धुऱ्यावर दोघे भाऊ, पण तोंडे दोन दिशांना.

बहिणीचा निरोप

आमच्या बहिणीचा मुलगा सीमा सुरक्षा दलात आहे. त्याची नेमणूक जैसलमेरकडे. गेल्या वर्षी जानेवारीत त्याच्या मुलाचे बारसे तिकडेच करायचे ठरले. बहीण आगगाडीने आधी गेली आणि जाताना दोघांनाही एकच निरोप देऊन गेली, “दोन्ही मामा एका गाडीत बसून येणार असतील तर या. वेगवेगळे येणार असाल तर कोणीच येऊ नका.”

बहिणीपुढे कोणाचे चालते? धान विकून झाले होते, मळणीची दगदग संपली होती. धाकट्याची जुनी बोलेरो होती. घरच्यांनी दशम्या, जवसाची चटणी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून दिले, बाळाच्या आईसाठी आंधळगावच्या कोशाची साडी दिली, आणि आम्ही दोघे पहाटे निघालो. जायचा रस्ता सुमारे पंधराशे किलोमीटर. गाडीत माणसे दोन, आणि मधल्या जागेत तो अबोला.

शेते बोलू लागली

वैनगंगा ओलांडून पवनी, भिवापूर, उमरेड, नागपूर. तिथपर्यंत आम्ही “चहा?” “घेऊ” याच्यापलीकडे बोललो नाही. सावनेर-पांढुर्ण्याकडे संत्र्याच्या बागा लागल्या. मुलताई आले. तापीचा उगम तिथला. बैतूल, हरदा करत हंडियाला नर्मदा ओलांडली, इंदुराच्या अलीकडे काळ्या जमिनीत गहू-हरभरा डोलत होता. पहिला मुक्काम तिथे.

दुसऱ्या दिवशी रतलाम, मंदसौर, नीमच. लसणाचे वाफे आणि सरकारी परवान्याची अफू. आता तुम्हीच सांगा, शेतकऱ्याला दुसऱ्याचे शेत पाहून गप्प बसवते का? धाकटा आपणहून म्हणाला, “भाऊ, वाफा कसा बांधला पाहा.” मी “हो” म्हटले. चित्तोडगड, भीलवाडा मागे पडले आणि ब्यावरच्या पुढे अरवलीचे डोंगर ओलांडले तशी हिरवळ विरळ होऊ लागली. झाडे खुजी झाली, शेते रुंद झाली, विहिरी दिसेनाशा झाल्या. जमिनीचा रंग आधी विटकरी, मग पिवळा, मग राखाडी झाला. आमच्याकडे डोळा कुठेही टाकला तरी एखादे तळे चमकते. इथे मैलोगणती काही चमकत नव्हते. धाकट्याने गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाला, “इथं माणसं राहतात कशी?”

वाचकहो, पुढचे पाच दिवस आम्ही याच एका प्रश्नाचे उत्तर गोळा करत होतो.

शमीच्या सावलीत

जोधपूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर खेजडली नावाचे गाव आहे. तिकडे ज्याला खेजडी म्हणतात ते आपले दसऱ्याचे शमीचे झाड. आपण त्याची पाने देवाला वाहतो आणि विसरतो. तिकडे ते झाड घरातल्या कर्त्या माणसासारखे आहे. त्याच्या शेंगा म्हणजे सांगरी, तिची भाजी करतात, वाळवून वर्षभर ठेवतात. पाला शेळ्या-उंटांना जातो. मुळे खोल जात असल्याने झाडाखाली बाजरी चांगली येते, म्हणून शेतात मधोमध उभी असलेली शमी कोणी तोडत नाही.

१७३० साली जोधपूरच्या राजाचे लोक चुन्याच्या भट्ट्यांसाठी ही झाडे तोडायला खेजडलीत आले. अमृतादेवी नावाच्या बिश्नोई समाजातल्या बाईने झाडाला मिठी मारली आणि जीव दिला. तिच्यामागून तिच्या मुलींनी, मग आसपासच्या गावकऱ्यांनी. एकूण ३६३ माणसे मेली असे सांगतात. शेवटी राजाने तोड थांबवली. त्या ठिकाणी आज स्मारक आहे.

धाकटा तिथे बराच वेळ उभा होता. परत गाडीत बसताना एवढेच बोलला, “आपण मागल्या साली धुऱ्यावरचे मोह तोडले.” मी काही बोललो नाही, कारण तोडायला मीही होतो.

दगडातून गहू

जोधपूर ते जैसलमेर पावणेतीनशे किलोमीटरच्या वर रस्ता. वाटेत पोखरण. १९७४ आणि १९९८ च्या अणुचाचण्यांमुळे हे नाव तुम्ही ऐकले असेल. बारसे थाटात झाले. दोन्ही मामांनी मिळून पाळण्याची दोरी धरली, बहिणीने डोळे पुसले. पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्या दिवसाचे.

भाचा म्हणाला, “मामा, तुम्ही शेतकरी आहात, किल्ल्यापेक्षा तुम्हांला खडीन दाखवतो.” त्याने आम्हांला जैसलमेरपासून अठराएक किलोमीटरवर कुलधऱ्याच्या बाजूला नेले. सगळीकडे दगड, मुरूम, काटेरी कैर. आणि एका उतारावरून पलीकडे पाहतो तो काय! हिरवागार गहू आणि हरभरा. मोटार नाही, पाइप नाही, विहिरीवर इंजिन नाही. धाकटा धावतच खाली गेला, मूठभर माती उचलून दाबून पाहिली. जानेवारी महिना, पावसाला चार महिने झालेले, आणि माती ओली!

तिथल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांला सगळे समजावून सांगितले. पद्धत अशी आहे. भोवतीची दगडी जमीन पाणी पीत नाही. तिच्यावर पडलेला पाऊस वाहत खोलगट भागाकडे येतो. त्या खोलगट भागाच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा. बांध साधारण दीड ते साडेतीन मीटर उंच. जास्तीचे पाणी जायला एका बाजूला दगडी सांडवा. पावसाळ्यात तिथे तळे साठते. ते पाणी कोणी उपसत नाही, जमिनीतच मुरू देतात. सोबत आलेला गाळ खत होऊन बसतो. दिवाळीच्या सुमारास पाणी आटले की त्या ओलीवर गहू, हरभरा पेरायचा. वरून एकही पाणी न देता पीक निघते. बांधाच्या खाली विहीर खणली तर तिला गोडे पाणी लागते. एका एकर पिकाला साधारण पंधरा एकर माळाचे पाणी लागते, म्हणून तो माळ कोणी खणत नाही, नांगरत नाही, त्यावर घर बांधत नाही.

ही विद्या पालीवाल ब्राह्मणांची. पंधराव्या शतकापासून त्यांनी जैसलमेरच्या मुलखात असे बांध घातले असे मानतात. आजही त्यातले कितीतरी चालू आहेत.

धाकट्याने त्या म्हाताऱ्याला विचारले, “बाबाजी, हा बांध कोणाचा?” तो म्हणाला, पाच घरांचा. धाकट्याने पुन्हा विचारले, “मग वाटणी झाली तेव्हा बांध कोणाकडे गेला?” म्हातारा हसला. म्हणाला, शेताची वाटणी होते, बांधाची कशी होईल? अर्धा बांध पाणी धरतो काय?

भाऊ माझ्याकडे पाहत नव्हता. मीही दुसरीकडेच पाहत होतो.

एकराचा हिशेब

त्या रात्री भाच्याच्या क्वार्टरमध्ये, थंडीने कुडकुडत, आम्ही दोघांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. तुम्हीही करून पाहा. एका एकरावर एक मिलीमीटर पाऊस पडला तर सुमारे चार हजार लिटर पाणी होते. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशे मिलीमीटर धरला, तोही बऱ्याच साली पडत नाही, तरी एकराला आठ लाख लिटर झाले. आमच्याकडे तेराशे मिलीमीटर धरला तर एकराला बावन्न लाख लिटर! साडेसहा पट पाणी आमच्या डोक्यावर पडते. तरी सप्टेंबरात पंधरा दिवस उघाड पडली की आम्ही आभाळाकडे बघून रडतो आणि मोटारीच्या विजेची वाट पाहत बसतो. आमचे पाणी जाते कुठे? चुलबंदीत, तिथून वैनगंगेत आणि पुढे समुद्रात.

तिकडच्या माणसांनी पाण्याला तीन नावे दिली आहेत. पावसाचे पाणी ते पालर. जमिनीच्या पोटातले खोल पाणी ते पाताळपाणी, पुष्कळ ठिकाणी खारट. आणि या दोहोंच्या मध्ये, वाळूच्या ओलीत अडकलेले पाणी ते रेजाणी. काही भागांत वाळूखाली चिरोडीचा थर आहे, तो ओल खाली जाऊ देत नाही. तिथे हात-दोन हात रुंदीची अरुंद विहीर खणून ते पाझरणारे रेजाणी पाणी दिवसाला घागर-दोन घागरी गोळा करतात. घराजवळ जमिनीखाली टाके बांधतात आणि त्याभोवतीचे अंगण उतरते करून स्वच्छ ठेवतात, म्हणजे पालर पाणी टाक्यात जाते. त्या अंगणात चप्पल घालून जात नाहीत. भगिनींनो, ताटल्या-वाट्या वाळूने घासून लख्ख करणाऱ्या आज्या मी तिथे डोळ्यांनी पाहिल्या. जैसलमेर शहर ११५६ साली वसले, आणि शेकडो वर्षे त्याला पाणी पाजले ते चौदाव्या शतकात बांधून काढलेल्या गडीसर तलावाने. तो पावसाच्या पाण्यावर भरायचा.

ओसाड गाव आणि भरला कालवा

दोन गोष्टी सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही, नाही तर तुम्ही म्हणाल की हा गडी वाळवंटाच्या प्रेमात पडला.

पहिली गोष्ट कुलधऱ्याची. हे पालीवालांचे मोठे गाव. एकोणिसाव्या शतकात ते ओसाड पडले. दिवाण सालमसिंगाच्या जुलमामुळे आसपासच्या चौऱ्याऐंशी गावांचे पालीवाल एका रात्रीत निघून गेले अशी कथा सांगतात. पाणी कमी झाल्याने आणि करांच्या ओझ्याने गाव हळूहळू रिकामे झाले असेही अभ्यासक म्हणतात. छप्पर नसलेल्या घरांच्या रांगा, मधून सरळ गल्ल्या. एका घराच्या उंबऱ्यावर आम्ही दोघे बसलो. इतके शहाणे लोक, पण उठले आणि त्यांची घरे वाऱ्याला राहिली. बांध टिकायला बांधासारखी माणसेही टिकावी लागतात, हे तिथे बसून कळते.

दुसरी गोष्ट कालव्याची. १९५८ साली काम सुरू झालेला राजस्थान कालवा, जो पुढे इंदिरा गांधी कालवा झाला, पंजाबातल्या हरिके धरणापासून पाणी आणतो. मुख्य कालवा आणि पुरवठा कालवा मिळून लांबी ६४९ किलोमीटर. त्याने वाळवंटात गहू, कापूस, मोहरी आणली, जैसलमेरला पिण्याचे पाणी दिले. पण वरच्या भागात अतिपाण्याने आणि पाझराने जमिनी पाणथळ झाल्या, क्षार वर आले. आणि दुरुस्तीसाठी उन्हाळ्यात कालवा बंद ठेवतात तेव्हा ज्यांनी टाकी बुजवली त्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ज्यांनी टाकी राखली ते निवांत.

आम्हां वैनगंगेच्या लोकांना हे ओळखीचे वाटणार नाही काय? १९८८ साली गोसीखुर्दची पायाभरणी झाली, तेव्हा आम्ही तरुण होतो. कालव्याचे पाणी येईल या भरवशावर किती बोड्या बुजल्या असतील! कालवा यावा, जरूर यावा. पण कालवा येतो तेव्हा बोडी असली तर सोन्याहून पिवळे, आणि येत नाही तेव्हा बोडीच आधार.

परतीच्या वाटेवर

परत निघालो तेव्हा गाडीत माणसे तीन होती, कारण बहीण सोबत होती. मागच्या सीटवर ती झोपली की आम्ही बोलायचो. सगळे एकदम गोड झाले असे समजू नका. ब्यावरपासून नीमचपर्यंत आम्ही जोरजोरात भांडलो. कोण कोणाला काय म्हणाला होता, बाबांच्या आजारपणाचा खर्च कोणी किती केला, सगळे निघाले. बहीण मध्येच उठून म्हणाली, “भांडा, पण गाडी नीट चालवा.” नीमचला उसाचा रस पिताना धाकटा म्हणाला, “भाऊ, बोडी बुजवायची नाही. पन गाळ काढायला अर्धे पैसे तुमचे.” मी म्हटले, अर्धे नव्हे, निम्म्याहून जास्त देतो, पण गाळ दोघांच्या बांध्यांत सारखा पडला पाहिजे.

सावनेरच्या पुढे आल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. दोन उन्हाळ्यांपासून त्याच्या बोअरचे पाणी मे महिन्यात खाली जात होते. त्याला खोल बोअरसाठी पैसे हवे होते, म्हणून दोन बांध्या वाढवायच्या होत्या. हे आधी बोलला असता तर? आणि मी आधी विचारले असते तर? वाचकहो, आपल्याकडची निम्मी भांडणे जमिनीची नसतात, न विचारल्याची असतात.

एप्रिल-मेमध्ये बोडीचा गाळ काढला. पाच दिवस जेसीबी, दोन ट्रॅक्टर. काळा, भुसभुशीत गाळ, दोघांच्या बांध्यांत पसरला. पाळीवर खस आणि सांडव्याला दगड लावले. वरच्या उतारावर नांगर घालायचा नाही असे ठरवले, कारण आता आम्हांला कळले होते की तोही बोडीचाच भाग आहे. सातबाऱ्यावर बोडी सामाईक ठेवली.

सप्टेंबरात धान निसवायच्या वेळेला सोळा दिवस पाऊस नव्हता. पाळीला दार केले होते. एका संध्याकाळी धाकट्याने ते उघडले आणि मी खालच्या बांधीत उभा राहून पाणी येताना पाहिले. आधी त्याच्या बांधीत गेले, मग माझ्या. ते तसेच जायचे असते, कारण त्याची बांधी वर आहे. अजून जेसीबीचे थोडे पैसे त्याच्याकडून यायचे आहेत, आणि बोडीतल्या मासळीचा वाटा हा नवा वाद सुरू झाला आहे. पण तो एकाच पाळीवर बसून चालतो.

तुम्हांला जायचे असेल तर

मळणी झाल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत जावे. दिवसा ऊन सुखाचे, पण रात्री कडाक्याची थंडी, जाड पांघरूण न्यावे. गाडीचे टायर आणि पाणी तपासावे, जोधपूरच्या पुढे डिझेल भरूनच निघावे. वाळूच्या टेकड्यांत गाडी घालू नये. जोधपूरला १९५९ साली स्थापन झालेली केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे. बोरीच्या सुधारित जाती, चाऱ्याचे गवत, पाणी साठवण यांवर तिथे काम चालते. शेतकऱ्याने किल्ल्याबरोबर तीही पाहावी.

आणि जाण्याआधी एक काम करावे. आपल्या गावचा तलाव, आपली बोडी एकदा चालत फिरून पाहावी. पाळ कुठे खचली, गाळ किती, वरून पाणी येण्याची वाट कोणी अडवली, हे पाहावे. गाळ काढून शेतात नेण्यासाठी, बोडी दुरुस्तीसाठी सरकारी योजना असतात. तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. आणि पाळीच्या पलीकडे आपला भाऊ राहत असेल तर त्यालाही सोबत घ्यावे.